‘हेड कुठलं?’ : पुण्यातल्या शाळांत कलाशिक्षणासाठी सरकारी पैसा कसा आणायचा

महापालिकेच्या शिक्षण विभागात नाट्यकार्यशाळेचा प्रस्ताव घेऊन गेलात की टेबलापलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘हेड कुठलं?’ मुलं कोणत्या इयत्तेतली, कलाकार कोण, हे सगळं नंतर. हेड म्हणजे लेखाशीर्ष; अंदाजपत्रकातली ती ओळ, जिच्यासमोर रक्कम छापलेली असते. ओळ नसेल तर अधिकाऱ्याला कल्पना कितीही आवडो, त्याच्या हातात देण्यासारखं काही नसतं. ओळ असेल तर साधासुधा प्रस्तावही पुढे सरकतो. बहुतेक कलासंस्था उलटीकडून सुरुवात करतात. आधी कार्यक्रम आखतात, मग पैसा शोधतात आणि तीन महिने टेबलं फिरून दमतात.

महापालिका, जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळांत सार्वजनिक पैशातून नाटक, संगीत, नृत्य, चित्र शिकवू पाहणाऱ्या नोंदणीकृत संस्थांसाठी आणि व्यावसायिक कलाकारांसाठी पुढचा क्रम आहे.

आधी ओळ शोधा

महापालिकेचं अंदाजपत्रक संकेतस्थळावर असतं. त्यातला शिक्षण विभागाचा भाग काढून विद्यार्थी उपक्रम, स्पर्धा, प्रशिक्षण, स्नेहसंमेलन अशा शब्दांच्या ओळी शोधा. प्रत्येकीसमोरचे दोन आकडे पाहा, गेल्या वर्षीची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च. दरवर्षी तरतूद होऊन खर्च न होणारी ओळ तुमच्या कामाची. विभागालाही ती रक्कम खर्ची पडायला हवीच असते. खर्चाचा आकडा सापडला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राचे नियम पाळले नाहीत तर अर्ज त्याच कारणावरून परत येतो.

योग्य ओळ नसेल तर दोन मार्ग. पुढच्या वर्षासाठी नवीन तरतूद मागणं, किंवा चालू वर्षात दुसऱ्या ओळीतला पैसा ‘वर्गीकरण’ करून घेणं. वर्गीकरणाला स्थायी समिती आणि मुख्य सभेची मान्यता लागते. ऐकायला हा मार्ग जवळचा वाटतो, पण पहिल्यांदाच काम करणाऱ्या संस्थेने त्याच्या नादी लागू नये. फाइल मान्य होईपर्यंत सत्र संपतं.

ग्रामीण भागात, म्हणजे हवेली, मुळशी, भोरकडे शाळा असतील तर जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला ‘सेस’ विचारा. त्यातून शिक्षणासाठी नावीन्यपूर्ण उपक्रम घेता येतात आणि रक्कम लहान असली तरी निर्णय जिल्ह्यातच होतो. तिथला रस्ता केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) असा आहे. मधली पायरी गाळून थेट वर गेलात, तर कागद ‘अभिप्रायासाठी’ खालीच परत येतो.

केंद्राचा मोठा पैसा समग्र शिक्षा योजनेत. २०१८ मध्ये तीन जुन्या योजना एकत्र करून ती सुरू झाली. महाराष्ट्रासाठी केंद्र-राज्य वाटा ६०:४०, आणि राज्यात ती महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद राबवते. इथे दोन गैरसमज नेहमी दिसतात. पहिला ‘संयुक्त शाळा अनुदाना’बद्दल. पटानुसार वर्षाला १०,००० ते १,००,००० रुपये शाळेला मिळतात हे खरं, पण ते वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि शैक्षणिक साहित्यासाठी आहे. निदान दहा टक्के स्वच्छतेवरच जायला हवेत. त्यातून कागद, रंग, पुठ्ठे येतील. कलाकाराचं मानधन त्यात बसवायचा आग्रह मुख्याध्यापकांना करू नका, लेखापरीक्षणात आक्षेप त्यांच्या नावावर पडतो. दुसरा गैरसमज ‘कला उत्सवा’बद्दल. २०१५ पासून चालणारी ही स्पर्धा माध्यमिक आणि उच्च माध्यमिक मुलांची आहे; सहावीतल्या नाट्यवर्गाला तिचा पैसा लागू नाही. पीएम श्री या केंद्राच्या आदर्श शाळांच्या योजनेतल्या शाळांकडे उपक्रमांसाठी थोडी जास्त मोकळीक असते, म्हणून यादीत तुमच्या भागातली अशी शाळा असेल तर सुरुवात तिच्यापासून करा.

सांस्कृतिक मंत्रालयाची कार्यक्रम व निर्मिती अनुदान योजना संस्थेला थेट पैसे देते. संस्था किमान तीन वर्षं नोंदणीकृत हवी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (स्वयंसेवी संस्थांची ऑनलाइन नोंदणी) हवी. खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सर्वसाधारणपणे कमाल ५ लाख रुपये मिळतात. शाळेतली नियमित तासिका या योजनेत बसत नाही. कार्यशाळांची मालिका आणि शेवटी सादरीकरण, अशी मांडणी बसते. त्याच मंत्रालयाची गुरू-शिष्य परंपरेची योजना गुरूला आणि शिष्यांना दरमहा मानधन देते. ती कलासंचांसाठी आहे, शाळेच्या वर्गासाठी नाही.

आता जिथे जाऊ नये ती दारं. आमदार आणि खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून शाळेच्या आवारात रंगमंचाचा कट्टा होईल. त्या कट्ट्यावर शिकवणाऱ्याला मानधन मिळणार नाही. नगरसेवकांची ‘स यादी’ (त्यांनी सुचवलेल्या कामांची अंदाजपत्रकातली यादी) आणि २००६ पासून पुण्यात चालू असलेला नागरिकांचा अंदाजपत्रकातला सहभाग, दोन्हींचा कल प्रभागातल्या लहान बांधकामांकडे. सभागृहाचे पंखे किंवा दिवे हवे असतील तर जरूर मागा. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, हा सार्वजनिक पैसा नव्हे, पण ७५ टक्के अनुदानानंतर उरणारा २५ टक्क्यांचा स्वतःचा वाटा भरायला उपयोगी पडतो. त्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आधीच करून ठेवा.

उलटं कॅलेंडर

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, शाळा जूनच्या मध्यावर. या अडीच महिन्यांच्या फटीत बरेच प्रकल्प पडतात.

पुढच्या जूनमध्ये वर्ग सुरू करायचा असेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाला आदल्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये भेटा, कारण तेव्हा विभाग आपापल्या मागण्या तयार करत असतात. आयुक्तांचं अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीसमोर जातं; त्यानंतर गेलेला प्रस्ताव पुढच्या वर्षाच्या रांगेत. समग्र शिक्षेचा वार्षिक आराखडाही शाळा, जिल्हा, राज्य आणि मग दिल्ली असा चढत जातो. डिसेंबरपर्यंत जिल्ह्याच्या आराखड्यात तुमचा उपक्रम गेला नसेल तर तो योजनेत नाही असंच धरा.

फेब्रुवारीच्या शेवटी ‘मार्चएण्ड आहे, लगेच करता का?’ असा फोन येतो. नाही म्हणायला शिका. चौदा दिवसांत बारा सत्रं उरकायची, परीक्षेच्या तोंडावर मुलं गोळा करायची आणि ३१ मार्चच्या आत बिल टाकायचं. त्यात शिकवणं होत नाही आणि पुढची दोन वर्षं तुमचं काम त्याच फोटोंवरून ओळखलं जातं.

सत्र निवडताना जून अखेर ते सप्टेंबर हा काळ चांगला. बारा सत्रांसाठी चौदा आठवडे धरा. गणपती, पावसाची सुट्टी आणि शिक्षकांचं कुठलं तरी सर्वेक्षण यात दोन आठवडे जातातच. नोव्हेंबर ते जानेवारीत स्नेहसंमेलन आडवं येतं. मुख्याध्यापक अगदी प्रेमाने म्हणतात, ‘मग गॅदरिंगलाच बसवून द्या ना एखादं.’ तिथून पुढे तुमचा वर्ग निवडक आठ मुलांची तालीम होतो आणि उरलेली बत्तीस प्रेक्षक.

कागदपत्रांची पिशवी

नोंदणी प्रमाणपत्र, धर्मादाय आयुक्तालयाचा पीटीआर (सार्वजनिक न्यास नोंदवहीचा) उतारा, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, पॅन, प्राप्तिकर सवलतीच्या १२-ए आणि ८०-जी नोंदण्या, दर्पणचा युनिक आयडी, रद्द केलेला धनादेश, पीएफएमएसची (सरकारी पैसा खात्यात पाठवणारी केंद्राची ऑनलाइन यंत्रणा) नोंदणी, विश्वस्तांचा ठराव, कलाकारांची माहितीपत्रं, शाळेचं संमतीपत्र आणि त्यावर शाळेचा अकरा अंकी यू-डायस (सरकारी ओळख) क्रमांक. इतकं तयार हवं.

अडतं ते सहसा दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यायचा असतो. अनेक संस्थांत तो दिलेला नसतो किंवा दिलेला वर्षानुवर्षं प्रलंबित असतो. मग ठरावावर सही एका अध्यक्षाची आणि पीटीआरवर नाव दुसऱ्याचं. असं असेल तर प्रलंबित अहवालाची पोच आणि क्रमांक अर्जाला जोडा. गप्प बसलात तर छाननीत तेच पहिलं दिसतं. दुसरं म्हणजे नाव. नोंदणीपत्रावर ‘कलामंडळ’, बँकेत ‘कला मंडळ’, पॅनवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. पीएफएमएसमध्ये खात्याची पडताळणी यंत्र करतं आणि त्याला तुमची संस्था ओळखीची नसते. अर्जाच्या दोन महिने आधी तिन्ही ठिकाणचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

कार्यक्रम शाळेच्या भाषेत मांडा

‘मुलांच्या सर्जनशीलतेला वाव’ हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात असतं म्हणून कुणी वाचत नाही. त्याऐवजी शाळेवर आधीच असलेली एखादी जबाबदारी तुम्ही उचलताय असं दाखवा. राज्यात पहिली ते आठवीसाठी २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आहे आणि स्थानिक कलाकारांना तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून बोलावण्याची शिफारसही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तर सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तिथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायला सांगितला आहे. तो कितपत भरलेला असतो, हे शाळेत जाऊन पाहा आणि प्रस्तावात एका ओळीत नोंदवा. प्रत्येक सत्रासमोर त्या इयत्तेची एक अध्ययन निष्पत्ती (मुलाला काय यायला हवं ते) लिहा, कला विषयाची आणि शक्य तिथे मराठीचीही. चित्रकलेच्या गटांकडे एक जास्तीची किल्ली आहे: इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचे दहावीला मिळणारे वाढीव गुण. त्यावर माध्यमिक मुख्याध्यापक लगेच कान देतात. मात्र तुमचा वर्ग परीक्षेची शिकवणी होणार नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करा.

आता आकडे. एक शाळा, सहावीच्या दोन तुकड्या, ८० मुलं, दोन नाट्यकलाकार, दोन तासिका जोडून ८० मिनिटांचं एक सत्र, अशी प्रत्येक तुकडीला १२ सत्रं. नमुन्याचा खर्च असा:

- मानधन: १२ सत्रं × २ तुकड्या × २ कलाकार × १,००० = ४८,०००
- शिक्षक कार्यशाळा: २ दिवस × २ कलाकार × १,५०० = ६,०००
- समन्वयक: ३ महिने × ६,००० = १८,०००
- प्रवास: १४ दिवस × २ कलाकार × २०० = ५,६००
- साहित्य: ८० मुलं × ७५ = ६,०००
- सादरीकरण: ध्वनियंत्रणा ४,००० आणि खाऊ ८० × ३० = एकूण ६,४००
- छायाचित्रं, अहवाल: ३,०००
- सनदी लेखापाल: ५,०००

एकूण ९८,०००. दर मुलामागे १,२२५ रुपये. प्रत्येकाला १६ तास मिळतात म्हणून तासाला साधारण ७७. हा शेवटचा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर टाका. लाखभर रुपये म्हटलं की भुवया उंचावतात, तासाला ७७ म्हटलं की चर्चा सुरू होते.

दोन ओळींवर वाद होतो. समन्वयकाचं मानधन ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कापलं जातं. त्याचं काम (शाळेशी वेळ ठरवणं, हजेरी, व्हाउचर, अहवाल) तासांसकट लिहा आणि तरीही कापलं तर ते स्वतःच्या वाट्यात धरा, पण माणूस कमी करू नका. कलाकारच हिशेब ठेवतो त्या प्रकल्पात हिशेब नसतो. दुसरी ओळ मानधनाची. कलाकाराने सत्राला १,००० घेताना तयारीचा तास आणि येण्याजाण्याचा वेळ त्यातच जातो. ‘मुलांसाठी आहे, थोडं कमी करा’ याला उत्तर म्हणजे सत्रं कमी करणं. दर कमी केलात तर पुढच्या वर्षी तोच दर फाइलवर राहतो.

हाच खर्च ७५ टक्क्यांच्या योजनेत मांडला तर अनुदान ७३,५००, तुमचा वाटा २४,५००. अनुदानही दोन हप्त्यांत येतं, आधी ७५ टक्के म्हणजे ५५,१२५ आणि उरलेले १८,३७५ हिशेब पोचल्यावर. म्हणजे काम पूर्ण करायला ४२,८७५ रुपये तुमच्या खात्यात आधीपासून हवेत. संस्था बुडतात त्या इथे, अर्ज नामंजूर झाल्याने नव्हे.

महापालिकेचा पैसा असेल तर सुरुवातीलाच विचारून घ्या: हे तज्ज्ञांचं मानधन म्हणून मंजूर होणार की सेवा-खरेदी म्हणून? खरेदी असेल तर कोटेशन किंवा टेंडर आणि सर्वांत कमी दरवाला. मुलांबरोबरच्या कामाचा अनुभव, कलाकारांची पात्रता, एका वर्गातली कमाल संख्या या अटी टेंडरमध्ये असाव्यात असं विभागाला जरूर सुचवा. पण अटी तुम्हीच लिहून द्यायच्या आणि तुम्हीच भरायचं, हे करू नका.

कार्यादेशाआधी पाऊल टाकू नका

तोंडी ‘करा सुरू, कागद मागून येईल’ हे वाक्य पुण्यात फार गोड आवाजात सांगितलं जातं. कार्यादेशाच्या (काम सुरू करायच्या लेखी आदेशाच्या) तारखेआधीची सत्रं बिलात धरली जात नाहीत. शाळा सुरू झाली आहे, मुलं वाट पाहताहेत, असं असलं तरी थांबा. फार तर त्या काळात शिक्षकांबरोबरची ओळखबैठक घ्या, बिनखर्चाची.

परवानगी मुख्याध्यापकांची पुरत नाही. महापालिकेच्या शाळेसाठी शिक्षण विभागाचं, जिल्हा परिषदेसाठी शिक्षणाधिकाऱ्यांचं, अनुदानित शाळेसाठी संस्थाचालकांचं लेखी पत्र हवं. पत्रात शाळेचं नाव, तुकड्या, वार, वेळ आणि कलाकारांची नावं असू द्या. दोन अधिवेशनांची शाळा असेल तर सकाळचं की दुपारचं, तेही लिहा. एकाच इमारतीत दोन मुख्याध्यापक असतात आणि हॉल दोघांचा असतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडून ठराव घ्या. या समितीत तीनचतुर्थांश पालक असतात आणि वर्गात मुलं जमिनीवर लोळतात ती का, याची चौकशी करायला येणारेही तेच.

प्रत्येक कलाकाराची पोलीस पडताळणी आधी. अर्ज ऑनलाइन होतो, तरी महिना धरा. वर्गात शाळेचा शिक्षक पूर्णवेळ हजर राहील, ही अट पत्रातच घाला. शिक्षक ‘तुम्ही आहात तर मी जरा पेपर तपासतो’ म्हणून उठला की सत्र थांबवा. अवघड वाटतं, पण पहिल्या दिवशी केलं की पुन्हा करावं लागत नाही. कलाकाराने मुलाबरोबर एकट्याने थांबायचं नाही, कपडे बदलायची खोली वेगळी आणि बाई शिक्षिकेच्या ताब्यात. विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीत कोण आहे ते विचारून फोन नंबर ठेवा. एखाद्या मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या बैठकीत आधी चर्चा करू, असं चालत नाही. छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती मराठीत छापून घ्या आणि ज्यांनी दिली नाही त्या मुलांची यादी कॅमेरा धरणाऱ्याच्या खिशात द्या.

वर्गात

८० मिनिटांतली साधारण ६५ हातात येतात. बाकं सरकवायला सात-आठ मिनिटं, परत लावायला तितकीच. पोषण आहाराच्या लगेच आधीचं सत्र घेऊ नका, खिचडीचा वास आला की मुलांचं लक्ष ताटाकडे जातं. लगेच नंतरचंही नको, पोट भरल्यावर उड्या मारवत नाहीत. हॉल आहे असं सांगितलं जातं तेव्हा जाऊन पाहा, कारण निम्म्या हॉलमध्ये तांदळाची पोती किंवा जुनी बाकं असतात. पत्र्याचं छप्पर असेल तर जुलैत पावसाच्या आवाजात बोलण्याचे खेळ होत नाहीत. त्या आठवड्यांसाठी मूकाभिनय आणि लयीचे खेळ ठेवा.

पहिल्या आणि अकराव्या सत्रात एकच साधी मोजणी करा: वर्गासमोर उभं राहून तीस सेकंद स्वतःच्या शब्दांत बोलणारी मुलं किती? दोन आकडे, नावं न लिहिता. अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हे दोन आकडे वीस छायाचित्रांपेक्षा जास्त कळतात.

हिशेब

प्रकल्पाचं वेगळं बँक खाते उघडा, निदान वेगळी खतावणी ठेवा. मानधनाची एक चांगली पावती अशी दिसते: वर अनुक्रमांक आणि प्रकल्पाचं नाव, मग कलाकाराचं नाव, पॅन, सत्रांच्या तारखा एकेक लिहून, ‘१२ सत्रं × २ तुकड्या × १,०००’, एकूण २४,०००, टीडीएस, निव्वळ रक्कम, बँक व्यवहाराचा क्रमांक, खाली एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प आणि त्यावर सही. ‘जुलै महिन्याचं मानधन’ एवढंच लिहिलेली पावती लेखापरीक्षकाकडून हमखास परत येते, कारण ती हजेरीपत्रकाशी जुळवता येत नाही. व्यावसायिक फी वर्षाला ५०,००० च्या वर गेली तर १० टक्के टीडीएस. पॅन नसेल तर २० टक्के. रंगभूमीवरच्या बऱ्याच तरुण मुलांनी पॅन आधारला जोडलेलं नसतं, तेही आधी तपासा.

सत्राची नोंदवही शाळेतच ठेवा: तारीख, तुकडी, वेळ, उपस्थित मुलं, कलाकाराची सही, शिक्षकाची सही. महिनाअखेरीला मुख्याध्यापकांचा शिक्का. शेवटी एकदम सगळ्या सह्या एकाच पेनाने घेतल्या की ते लगेच ओळखू येतं.

केंद्राच्या अनुदानासाठी उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात, सनदी लेखापालाच्या सहीने. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत असते, पण शेवटचा हप्ता आणि पुढचा अर्ज दोन्ही त्यावरच अडतात, म्हणून सादरीकरणानंतर चार आठवड्यांत पाठवा. अनुदानावर मिळालेलं व्याज तुमचं नसतं, ते परत भरायचं. खर्च न झालेली रक्कम दुसऱ्या ओळीत ढकलू नका. साहित्याचे ८०० रुपये उरले तर ते ८०० परत करा.

अहवालाच्या तीन प्रती काढा. एक अनुदान देणाऱ्याला, एक शिक्षण विभागाला आणि एक शाळेच्या दप्तरात, कारण मुख्याध्यापकांची बदली होते आणि नव्या बाईंना तुम्ही कोण हे माहीत नसतं. शिक्षण विभागाची प्रत ऑक्टोबरच्या आत पोचवा. पुढच्या वर्षाच्या मागण्या तेव्हाच लिहिल्या जात असतात आणि आता ‘हेड कुठलं?’ याचं उत्तर तुमच्याकडे लेखाशीर्षाच्या क्रमांकासकट असतं.